बाळबोध अक्षरातली अटक

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पळालो नाही. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं तरी हे कुणाच्याही लक्षात येईल. शाळेत धावण्याची शर्यत असली की मास्तर मला शिट्टी वाजवायला उभं करत. तरीही सन एकोणीसशे सत्तावन्नच्या डिसेंबरात मी सोळा दिवस सरकारी कागदावर पोलिसांच्या ताब्यातून पळून गेलेला इसम होतो. त्यातले पहिले आठ दिवस तर मला स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. मी वेळेवर ऑफिसला जात होतो, संध्याकाळी मेथीची जुडी आणत होतो, आणि फरारी होतो.

ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. चिंचवड आणि देहूरोड यांच्यामध्ये, मुंबई-पुणे रस्त्याच्या आसपास ते कुठंतरी होतं, एवढं पुरे. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर एवढं झालंच नसतं.

मी मूळचा बार्शीकडचा, आडनाव वैरागकर. देहूरोडला एका लष्करी डेपोत चार वर्षं टेंपररी कारकून होतो. टेंपररी या शब्दातलं दुःख परमनंट माणसाला कळायचं नाही. त्याची खोली टेंपररी, त्याचा शेजार टेंपररी आणि सासऱ्यांनी त्याला दिलेला मानही टेंपररी. परमनंट झालं की दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं आणि त्या क्वार्टरला आत, स्वयंपाकघरात, स्वतःचा नळ होता. चिंचवडच्या आमच्या चाळीत सव्वीस बिऱ्हाडांत एक नळ. इंदू, म्हणजे आमची मंडळी, पहाटे चारला उठून हंडा रांगेत लावायची. त्या क्वार्टरचा नळ तिनं बाहेरून, खिडकीतून, तीनदा पाहून ठेवला होता. साहेबांनी माझं नाव वर पाठवलं होतं, एक जानेवारीपासून परमनंट. फक्त पोलिसांकडून चौकशीचा एक फॉर्म भरून यायचा होता, की हा इसम कसा आहे म्हणून. त्यात खटलाबिटला निघाला तर परमनंट दूरच, आहे ती नोकरीही जायची. पण माझ्याबद्दल पोलिसांना काय ठाऊक असणार? काहीच नाही. त्याचा मला अभिमान होता.

सात तारखेला, शनिवारी, मी सायकलीवरून घरी येत होतो. डिसेंबरातला सूर्य टेंपररीच असतो. निगडी यायच्या आत अंधारलं. सायकलीला दिवा नव्हता, कारण तो शेजारच्या सुमनताईंनी मांजर शोधायला नेला होता. एका पुलापाशी अंधारातून आवाज आला, "दिवा कुटाय?"

"शेजारी," मी म्हणालो. मी खोटं बोलत नाही.

ते चिमाजी हवालदार होते. पन्नाशी उलटलेला मावळातला माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "नाव तेवढं लिवून घ्यायला लागंल. चला." मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. तिथं ते म्हणाले, "बसा."

आता बघा, मराठीत पाहुण्याला म्हणतात ते "बसा" आणि आरोपीला म्हणतात ते "बसा" यात लिहिताना काहीही फरक नाही. सगळा फरक आवाजात. चिमाजींचा आवाज पाहुण्याला शोभेल असा होता, शिवाय त्यांनी चहा मागवला. तेव्हा मी पाहुण्यासारखा बसलो. इथं माझी चूक झाली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं चहाचं उत्तर द्यावं.

चहा होता होता हवालदारांनी ठाण्याची डायरी पुढं ओढली आणि सुस्कारा टाकला. "राव, तुमी कारकून न्हवं? अक्षर बरं असंल तुमचं." अडचण अशी होती, की चिमाजींचा हात मोडीचा. सगळी नोकरी त्यांनी डायरी मोडीत लिहिली. आता नवे तरुण फौजदार आले होते, त्यांना मोडीचा गंध नाही. त्यांचा हुकूम सुटला, की डायरी बाळबोधीतच हवी. "आमच्यात आधी पानभर रेघा वडायच्या आन् त्येला अक्षरं टांगायची," हवालदार सांगू लागले. "ह्यांच्यात आधी अक्षर, मग त्येच्या डोक्यावर रेघ. एक वळ लिवायला माजी संध्याकाळ जाती."

मला दया आली. खरं सांगायचं तर दया थोडी आणि हौस जास्त. माझं अक्षर चांगलं आहे. डेपोत साहेबांच्या दारावरची पाटी माझ्या हातची आहे. मी टाक उचलला. हवालदारांनी मजकूर सांगितला, "इसम वैरागकर, ह्येला बिनदिव्याचा आनला आन् बसिवला."

माझा टाक थबकला. आणला? आणतात ती भाजी. सरकारी दप्तरात 'आणला' हा काय शब्द झाला? मी म्हणालो, "हवालदार, इथं 'अटक' पाहिजे."

"आनला म्हनलं तरी चालतं की."

"लेखनात संदिग्धता नको," मी म्हणालो आणि लिहिलं: 'सदर इसमास सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रीतसर अटक करून ठाण्यात ताब्यात ठेविले आहे.' एकही खाडाखोड नाही. डायरी फिरवून मी हवालदारांपुढं धरली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अटक लई झ्याक आलीया." मलाही तसंच वाटलं होतं.

मग मी उठलो. "बरंय हवालदार, येतो."

"या," ते म्हणाले. "जपून जावा, अंधार हाय."

दिवा नसल्यामुळं मी घरापर्यंत सायकल ढकलत नेली. कायदा मोडायची मला सवय नाही.

पंधरा तारखेचा रविवार उजाडला. दुपारी जेवण करून मी जरा लवंडलो होतो, तोच दारात चिमाजी हवालदार उभे. अंगात गणवेश नाही, धोतर आणि पटका. इंदूनं पाणी दिलं. ते त्यांनी घोटघोट प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि खाली बघतच म्हणाले, "राव, तुमी पळालाय."

"कुठं?" मी विचारलं.

झालं होतं असं. त्या रात्री फौजदार पुण्याहून परतले आणि त्यांनी डायरी उघडली. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ती एका दमात वाचता आली. त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, अटक केलेला आरोपी कुठं आहे? चिमाजी म्हणाले, येतो म्हणून गेलाय. फौजदार म्हणाले, केव्हा येणार आहे? "आता ह्येला काय सांगायचं?" चिमाजी आम्हाला विचारू लागले. "म्हनलं, यील." फौजदारांनी सोमवारची वाट बघितली, मंगळवारची बघितली, आणि बुधवारी लिहून टाकलं: 'आरोपी येतो असे सांगून गेला तो अद्याप आलेला नाही. सबब फरारी.'

"अहो, पण येतो म्हणजे जातो," मी म्हणालो.

"म्या तेच म्हनलं. सायेब म्हनाले, कायद्यात येतो न्हाई आन् जातो न्हाई. हाय का न्हाई, तेवडं बोला."

इंदू दारात उभी होती. "मग काय यांनी जातो म्हणायला हवं होतं? तिन्हीसांजेला? शत्रूसुद्धा म्हणत नाही."

चिमाजींनी मान हलवली. त्यांचीही पंचाईत माझ्याएवढीच होती. पेन्शनीला सोळा महिने राहिले होते आणि आता ताब्यातला माणूस हयगयीनं पळू दिला म्हणून त्यांच्यावरच कागद चालणार होता. जाता जाता त्यांनी हळूच सांगितलं, की माझा तो चौकशीचा फॉर्मही ठाण्यात येऊन पडला आहे. ज्या टेबलावर डायरी, त्याच टेबलावर, कागद दाबायच्या दगडाखाली. माझं घर त्यांनी त्यावरूनच शोधलं होतं, फौजदारांनी तो अजून पाहिला नव्हता.

चाळीत बातमी कशी पसरते हे मला आजवर कळलेलं नाही. हवालदार जिना उतरले असतील-नसतील, तोच उद्धवराव आले. हे सुमनताईंचे यजमान, साताऱ्याच्या कोर्टातले रिटायर बेलिफ. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारांवर समन्सं चिकटवली होती. कुणी आजारी पडलं तरी ते कलम सांगत. "तुम्ही दोनशे चोवीस," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "हवालदार दोनशे तेवीस."

"फरक काय?"

"तुम्ही पळालात, त्यानं पळू दिलं. एका आकड्याचं अंतर आहे, पण जायचं एकाच ठिकाणी."

मी म्हणालो, की हवालदारांनी "या" म्हटलं होतं. त्यावर उद्धवरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "या म्हणजे ये. तुम्ही गेलात. म्हणजे हुकमाच्या उलट वागलात." मला वाटलं होतं की "या" माझ्या बाजूचं आहे. ते कुणाच्या बाजूचं आहे हे त्या क्षणापासून मला सांगता येईना.

सुमनताईंचं मत निराळं. त्यांनी सायकलीचा दिवा परत आणून दिला (मांजर दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं म्हणे) आणि सांगितलं, की प्रकरण थंड होईपर्यंत महिनाभर बार्शीला जाऊन राहा. इंदू म्हणाली, "म्हणजे खरंच पळा." सुमनताई म्हणाल्या, "अगं, नाव झालंच आहे, तर हवापालट तरी होईल."

शेवटी उद्धवरावांचं म्हणणं ठरलं. मी आपल्या पायांनी ठाण्यात हजर व्हायचं, वळकटी आणि डबा घेऊन. आणि एक पथ्य पाळायचं. "पोलिसानं अंगाला हात लावला की निमूट उभं राहायचं. हात झटकलात तर अटकेला विरोध धरतात. ते वेगळं." आता यात एक नाजूक बाब होती. मला गुदगुल्या फार होतात. न्हावीसुद्धा माझ्या मानेला सांगून हात लावतो. हे ऐकल्यावर उद्धवरावांनी गॅलरीतच तालीम सुरू केली. ते मागून येत, दंडाला धरत, आणि मी हसत हसत कठड्यापर्यंत जाई. "हा विरोध झाला," ते गंभीरपणे म्हणत. "पुन्हा." सातव्या खेपेला मी हललो नाही, पण हसू आलंच. नुसतं हसणं विरोधात धरतात की नाही हे उद्धवरावांना ठाऊक नव्हतं. समोरच्या चाळीतली मंडळी तोवर खुर्च्या घेऊन बसली होती. चार वर्षांत आमच्या चाळीत मी जी काही अब्रू मिळवली होती ती त्या संध्याकाळी गेली.

सोमवारी रजा टाकून मी वळकटी काखेत मारून ठाण्यात गेलो. आत एकटा शिपाई होता. म्हणाला, "सगळे बाहेर आहेत. फरारी शोधायला गेलेत."

"तो मीच."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बसा मग. साहेब आल्यावर काय ते."

पण "बसा" या शब्दाची मी आता धास्ती घेतली होती. मी आत बसलो नाही, बाहेर पायरीवर बसलो. बारा वाजले, एक वाजला. भूक लागली म्हणून डबा उघडला. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. दोनच्या सुमाराला फौजदार आणि चिमाजी धुळीनं माखून परत आले. फौजदार पोरगेलेसे, चष्मा लावलेले, नाकासमोर चालणारे. मी शेंग हातात घेऊनच उभा राहिलो आणि नाव सांगितलं.

त्यांना आनंद होईल अशी माझी कल्पना होती. त्यांचा चेहराच उतरला. "अहो, चार गावं पालथी घातली असं पाटलांच्या सह्यांनिशी लिहून आणलंय मी," ते म्हणाले. "आता पंचनाम्यात काय लिहू? आरोपी ठाण्याच्या पायरीवर आमटी-भात खात असता मिळून आला?"

"भात नाही, भाकरी," मी म्हणालो. खरं ते खरं.

ते विचारात पडले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही असं करा. तळवड्याच्या फाट्यावर जाऊन थांबा. चार वाजता पंच घेऊन आम्ही येतो."

"या," मी म्हणालो आणि वळकटी उचलली.

फाट्यावर एक बाभळ आणि एक मैलाचा दगड. मी दगडावर बसलो. थोड्या वेळानं तळवड्याचे एक शेतकरी, सावळाराम म्हणून, बैल घेऊन आले आणि उभे राहिले. "पावनं, कुटं निगालाय?"

"कुठं नाही. अटक व्हायचीय."

"मंग हितं कशापाय? ठानं तिकडं हाय."

"तिथूनच आलोय."

सावळारामांनी बैल बाभळीला बांधले आणि शेजारी बसले. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "आसं म्हंजी, त्यांनी तुमाला धरलं तवा तुमी गेला, आन् तुमी गेला तवा त्यांनी घालिवलं." इतकं स्वच्छ मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. पंच म्हणून अंगठा द्यायचीही त्यांनी तयारी दाखवली. खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या. चार वाजले, पाच वाजले, ऊन देहूच्या बाजूला कललं. कुणी आलं नाही. "आता न्हाई येत," सावळाराम उठत म्हणाले, "येतो म्हनलेला मानूस येतोच आसं न्हाई." मी वळकटी घेऊन घरी आलो. इंदूनं दार उघडलं आणि काही न विचारता माझं ताट वाढलं.

फौजदार का आले नव्हते ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात गेल्यावर कळलं. पंच जमवण्यात उशीर झाला, दिवस मावळला, आणि ठाण्याच्या सायकलीला दिवा नव्हता. आमचे फौजदार तत्त्वाचे होते.

मात्र त्यांच्यापुढं नवाच पेच उभा राहिला होता. मला फाट्यावर थांबवलं असताना मी निघून गेलो, तेव्हा ही फरारी दुसरी धरायची की काय? रात्रभर विचार करून त्यांनी तोडगा काढला होता. "तुम्ही पळालाच नाहीत," ते मला म्हणाले. "ताबा म्हणजे काही चार भिंती नव्हेत. तुमचं घर, रस्ता, ऑफिस, सगळं आमच्या नजरेच्या टप्प्यात. तुम्ही सात तारखेपासून सलग ताब्यातच आहात असं लिहितो. तुमचंही भागलं, हवालदाराचंही भागलं." मी त्यांचे आभार मानले. दहा दिवस मी ताब्यात होतो आणि मला काहीच त्रास झाला नव्हता, हे ऐकून खरोखर बरं वाटलं.

त्या आनंदात मी आमचे हेडक्लार्क लक्ष्मणराव यांना हे सांगितलं. लक्ष्मणरावांनी चष्मा चढवला आणि नियमांचं पुस्तक काढलं. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर पोलिसांच्या ताब्यात राहिला तर तो आपोआप सस्पेंड होतो. "म्हणजे वैरागकर, नऊ तारखेपासून तुम्ही सस्पेंड आहात," ते म्हणाले. "मग ही पत्रं कुणाला विचारून लिहिलीत?" आणि त्यांनी माझ्यासमोरची दौत उचलून आपल्या टेबलावर ठेवली.

मी खुर्चीत बसून राहिलो. पळालो म्हटलं तर तुरुंग, नाही पळालो म्हटलं तर सस्पेंड. मी लक्ष्मणरावांना विचारलं, की दोन्हींत बरं काय? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पळालेलं बरं," ते म्हणाले. "त्यात निदान वकील देता येतो." फौजदारांना गाठून मी ताब्यात असल्याचं लिहू नका म्हणून हात जोडले. त्यांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "मग तुम्ही आहात तरी कुठं?"

तेवीस तारखेला मला आणि चिमाजींना जबाबासाठी समोरासमोर बोलावलं. चिमाजींनी आपला जबाब घरून लिहून आणला होता. फौजदारांनी कागद उलगडला, आडवा धरला, उभा धरला. जबाब मोडीत होता. "हे वाचणार कोण?" ते म्हणाले. ठाण्यात मोडी येणारे दोघेच, एक लिहिणारा आणि एक मी. माझे वडील गावचे कुलकर्णी, मोडी मी त्यांच्या मांडीवर शिकलो. फौजदारांनी कागद माझ्या हातात दिला. चिमाजी खिडकीबाहेर बघू लागले.

मी आधी मनात वाचलं. 'आरोपी येतो म्हणाला. मी या म्हणालो. जाऊ मीच दिला. आरोपी भला माणूस, त्याचा दोष नाही. अटक वगैरे मला कळत नाही. माझे पेन्शन गेले तरी हरकत नाही, पण या माणसाची नोकरी राहावी.' खाली सही.

मला लाज वाटली. सोळा दिवस मी माझं क्वार्टर, माझा नळ आणि माझी अब्रू एवढंच धरून बसलो होतो. आणि ज्यानं "आनला म्हनलं तरी चालतं" असं साधं सांगितलं होतं, तो माणूस माझ्या एका शुद्ध शब्दापायी आपल्या म्हातारपणावर पाणी सोडून मोकळा झाला होता. हा कागद जसाच्या तसा वाचला तर मी सुटणार होतो आणि चिमाजी अडकणार होते. जन्मात मी दुसऱ्याच्या मजकुरातला काना इकडचा तिकडं केलेला नाही.

"वाचा," फौजदार म्हणाले.

मी वाचलं, "'इसमाचे नाव, पत्ता व नोकरीचे ठिकाण विचारून घेतले. ते खरे असल्याची खात्री केली. आणि बोलावणे येईल तेव्हा या, असे बजावून त्यास जाऊ दिले.'"

चिमाजींनी खिडकीतून मान वळवली. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"बोलावणं येईल तेव्हा या," फौजदार हळूहळू म्हणाले. "असं लिहिलंय?"

"मोडीत असंच लिहितात," मी म्हणालो.

"मग बिनदिव्याच्या सायकलीला रीत हीच आहे. नाव-पत्ता घ्यायचा आणि सोडायचं. अटक करायचीच नसते." त्यांनी डायरी ओढली. "मग इथं एवढं ठळक 'अटक' कुणी लिहिलं?"

"ते अक्षर माझं आहे."

फौजदारांनी डायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आरोपीनं स्वतःच स्वतःला अटक केली?"

"भाषा शुद्ध असावी म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर तांबड्या शाईनं माझी ती सुंदर ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'आणला'. अटक नाही, तेव्हा ताबा नाही. ताबा नाही, तेव्हा पळ नाही. पळ नाही, तेव्हा हयगयही नाही. दोनशे तेवीस आणि दोनशे चोवीस एका शाईत गेले. ओळ खोडली तेव्हा मला थोडं दुखलं, हे कबूल करतो. बाहेर आल्यावर चिमाजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. गुदगुल्या झाल्या नाहीत.

फौजदारांना मात्र फार वाईट वाटलं होतं. माझा चौकशीचा फॉर्म आपण स्वतःच्या हातानं, आजच्या आज भरतो असं त्यांनी मला सांगितलं. मी घरी पेढे घेऊन गेलो. इंदूनं ट्रंक भरायला घेतली.

तो फॉर्म एकतीस तारखेला डेपोत आला. त्यात एक रकाना असतो: 'सदर इसमाबद्दल पोलिसांस काय माहिती आहे?' चांगल्या माणसापुढं तिथं 'काही नाही' असं लिहून येतं. माझ्यापुढं लिहिलं होतं: 'सदर इसम या ठाण्यास चांगलाच परिचित आहे. ठाण्यात नेहमी येणे-जाणे असते.' आमचे साहेब दक्षिणेकडचे. लक्ष्मणरावांनी त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून त्यांच्यापुढं ठेवलं, कारण तेही संदिग्धता चालवून घेत नाहीत. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि माझं परमनंट होणं एक वर्षासाठी तहकूब केलं. नोकरी राहिली. क्वार्टर दुसऱ्या एका 'काही नाही'ला मिळालं.

मला फार वाईट वाटलं. माझ्याहून जास्त इंदूसाठी वाटलं. तिनं ट्रंकेतली भांडी एकेक करून फळीवर परत लावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला हंडा घेऊन खाली गेली. मी जागाच होतो. हंडे आदळल्याचे आवाज ऐकत पडून राहिलो.

सकाळी आठला चिमाजी हवालदार आले. नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणून इस्त्रीचा गणवेश, हातात देहूहून आणलेला प्रसाद. दारातूनच त्यांचा चेहरा फुललेला होता. "झालासा न्हवं पर्मनंट?" ते म्हणाले. "अवो, सायेब तितं 'काई न्हाई' लिवनार हुते. म्या म्हनलं, सायेब, आसं कसं, येवडा मोटा मानूस, आपल्यात येऊन-जाऊन आसतो. चांगलं दोन वळी लिवा."

मी काही बोलायला तोंड उघडलं. इंदू तेवढ्यात शेवटचा हंडा कमरेवर घेऊन आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हंडा तिनं खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि चिमाजींच्या हातातला प्रसाद घेतला.

"झाले की," ती म्हणाली, "तुमच्यामुळंच झालं सगळं." आणि तिनं त्यांच्यासाठी पाट मांडला.